‘त्याला तेवढं सांगू नका’

रुग्ण पुरुष, वय २७, अविवाहित. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसी मशीनवर (धातूचे भाग कापणारं संगणकीय यंत्र) ऑपरेटर. मूळ गाव जावळी तालुक्यात. वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार होते. आता ते आणि आई गावी असतात. हा घणसोली गावठाणात भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. थोरली बहीण लग्न होऊन विटाव्याला. फिटचा आजार, म्हणजे अपस्मार, चौदाव्या वर्षापासून. दोन प्रकारच्या गोळ्या चालू, तरी गेल्या वर्षात मोठ्या फिट निदान सहा, बहुतेक झोपेत. ठाण्याच्या आमच्या ओपीडीत त्याला बहिणीने आणलं.

अपस्माराचे रुग्ण रोज पाहणाऱ्याला यात नवीन काही दिसणार नाही. मी हे प्रकरण लिहिते आहे ते त्यातल्या एका संभाषणासाठी. अपस्मारात अचानक मृत्यूचा धोका असतो, हे रुग्णाला कुणी, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हा त्या संभाषणाचा विषय. एका माणसाची ही जशीच्या तशी हकिकत नाही. सारख्या परिस्थितीतल्या काही रुग्णांचे अनुभव एकत्र करून, कुणाची ओळख पटणार नाही अशा बेताने ते मांडले आहेत.

मोजता न आलेल्या फिट

सहा हा आकडा त्याने सांगितलेला, आणि तो त्याने कसा मोजला ते ऐकण्यासारखं आहे. खोलीत दुसरं कुणी नसल्यामुळे यातली एकही फिट कुणी पाहिलेली नव्हती. सकाळी जाग आली की जिभेची कड चावलेली, उशीवर रक्ताचा डाग, चादर ओली, अंग कुणीतरी बडवून काढल्यासारखं. अशा सकाळी त्याने लक्षात ठेवल्या होत्या. एकदा तर कामावर गेल्यावर उजवा हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा कुठे रात्री फिट येऊन गेल्याचं त्याला कळलं. खरा आकडा सहाच्या पुढचाच असणार असं धरून मी पुढचा विचार केला. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या झोपेतल्या फिट मोजताना प्रत्येक डॉक्टरने तसंच धरावं, असं माझं मत आहे.

पूर्वी तो कोपरखैरण्याला गावच्याच दोन मुलांबरोबर राहायचा. त्या मुलांनी फिट नीट पाहिल्या होत्या. आधी उजवा हात वळतो, मान उजवीकडे फिरते, मग सगळं अंग कडक होऊन झटके, घशातून विचित्र आवाज, दोनेक मिनिटांनी झटके थांबून घोरल्यासारखा श्वास. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला कॅल्शियमचा बारीक ठिपका होता. टेपवर्मच्या अळीमुळे झालेली जुनी गाठ बरी होऊन मागे राहिलेला. आपल्या देशात अपस्माराचं हे नेहमी सापडणारं कारण आहे.

कार्बामाझेपिन आणि लेव्हेटिरॅसिटम, दोन्ही दिवसातून दोनदा. गोळ्या नियमित घेता का, याला अर्थातच “हो” असं उत्तर आलं. या प्रश्नाला दुसरं उत्तर मिळत नाही, म्हणून मी वेगळं विचारलं, “रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळची गोळी किती वाजता असते?” त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग उलगडा झाला. त्याची गोळी झोपेला बांधलेली होती, उठल्यावर एक आणि झोपताना एक. पाळी बदलली की झोप सरकायची आणि दोन गोळ्यांमधलं अंतर कधी सहा तास, कधी वीस. रात्रपाळी करून आला की न जेवताच आडवा व्हायचा. त्या दिवशीची गोळी राहूनच जायची. औषधांना दाद न देणारा अपस्मार असा शिक्का मारण्याआधी हे विचारलं पाहिजे, कारण इथे औषध धडपणे पोटात गेलेलंच नव्हतं.

दाराशी विचारलेला प्रश्न

रक्त द्यायला तो खालच्या मजल्यावर गेला. बहीण मुद्दाम मागे राहिली आणि तिने दार लोटून घेतलं.

“मॅडम, आमच्या गावाकडं एक पोरगा होता, फिटचाच. रात्री जेवूनखाऊन झोपला, सकाळी उठवायला गेले तर गेलेला. आमच्या बारक्याला असं काही होऊ शकतं का?” मी तोंड उघडायच्या आत तिने पुढचंही सांगून टाकलं, “आणि त्याला तेवढं सांगू नका. लई मनाला लावून घेतो तो. त्यात लग्नाचं बघतोय आम्ही.”

वाईट बातमी घरातल्या मोठ्यांनी पोटात ठेवायची आणि आजारी माणसापर्यंत पोचू द्यायची नाही, ही आपल्याकडची रीत मायेतून आलेली आहे. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्या डॉक्टरांशी माझं जमत नाही. त्या बाईने सहा वर्षांच्या मुलाला शेजारणीकडे ठेवून, अर्ध्या दिवसाचं काम बुडवून भावाला इथवर आणलं होतं, आणि जो प्रश्न विचारायला भलेभले कचरतात तो सरळ विचारला होता.

तरीही या एका बाबतीत ती रीत उलटी पडते. हा धोका कमी करणारी बहुतेक कामं रुग्णाच्याच हातातली आहेत. गोळी त्याने गिळायची, जागरण त्याने टाळायचं, रात्री कुणासोबत राहायचं हे त्याने ठरवायचं. बहीण विटाव्याला झोपते, तो घणसोलीला. तिने ही गोष्ट वर्षानुवर्षं एकटीने वागवली तरी त्याच्या खोलीत रात्री काहीच बदलत नाही. वर आणखी एक होतं. ‘एकटा राहू नकोस’ असं ती त्याला सारखं सांगत होतीच, पण का ते सांगत नव्हती. कारण न सांगता केलेली विनवणी त्याला मोठ्या बहिणीची कटकट वाटत होती.

मी तिला म्हणाले, “ताई, तुम्ही विचारलंत ते बरोबर विचारलंत, आणि मी उत्तर देणार आहे. पण ते त्याच्यासमोर. आजार त्याचा आहे, तो मोठा आहे. तो हो म्हणाला तर तुम्हीही बसा. आणि तो घाबरला तर त्याला असंच सोडून मी उठणार नाही.” तिला हे पटलं असं म्हणता येणार नाही. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “हळू सांगा.” ही अट मला मान्य होती.

जे माहीत आहे ते

या मृत्यूला जगभर सुडेप म्हणतात. अपस्मार असलेला माणूस अचानक, अनपेक्षितपणे जातो. इजा, बुडणं किंवा न थांबणारी लांबलेली फिट यांतलं काही नसतं आणि शवविच्छेदनातही दुसरं कारण सापडत नाही, तेव्हा तो सुडेप. बहुतेक वेळा हे रात्री, अंथरुणात, कुणी जवळ नसताना होतं. माणूस पुष्कळदा पालथा सापडतो. आपल्याकडे अशा वेळी शवविच्छेदन क्वचितच होतं; ‘झोपेत अटॅक आला’ म्हणून प्रकरण संपतं, आणि त्या बहिणीने सांगितलेल्या गावच्या मुलासारखे मृत्यू कुठल्याच नोंदीत येत नाहीत.

नेमकं काय घडतं याचा सगळ्यात जवळून घेतलेला शोध २०१३ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) लावून रुग्णांना ठेवतात अशा जगभरच्या कक्षांत झालेल्या १६ सुडेप मृत्यूंचा त्यात अभ्यास होता. ज्यांची पूर्ण नोंद उपलब्ध होती त्या सगळ्यांत आधी मोठी फिट आली, मग श्वास जलद झाला, मग काही मिनिटांत श्वास आणि हृदयाचे ठोके दोन्ही ढासळले. शेवटी आधी श्वास थांबला, हृदय नंतर. यातून हाताला लागणारी गोष्ट अशी की, फिट संपल्यानंतरची पहिली काही मिनिटं जपायची असतात. आपल्या घरांत मात्र झटके थांबले की ‘झालं, आता झोपू द्या’ म्हणून दिवा मालवतात.

प्रमाण किती? अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी आणि अपस्मार संघटनांच्या २०१७ च्या संयुक्त मार्गदर्शिकेनुसार, अपस्मार असलेल्या १००० प्रौढांमागे वर्षाला साधारण १. मुलांसाठी तिने याहून बराच कमी आकडा दिला होता, पण नंतरच्या काही अभ्यासांत मुलांचं प्रमाणही मोठ्यांच्या जवळ जाणारं निघालं. सगळ्यांचा धोका सारखा नसतो. वर्षात तीन किंवा जास्त मोठ्या, सर्वांगाच्या फिट येत असतील तर धोका सुमारे १५ पट, असं तीच मार्गदर्शिका सांगते. स्वीडनमधल्या देशव्यापी अभ्यासात (२०२०) वर्षभरात मोठी फिट आलेल्यांचा धोका २७ पट, आणि मोठी फिट येणारा माणूस एकटा राहत असेल तर ६७ पट निघाला. फक्त छोट्या, सर्वांगाला न येणाऱ्या फिट असलेल्यांत मात्र वाढीव धोका दिसला नाही. आणखी एक आकडा मला फार मोलाचा वाटतो. औषधांच्या ११२ चाचण्या एकत्र करून २०११ साली पाहिलं, तेव्हा नुसती प्लासिबोची (औषध नसलेल्या गोळीची) भर मिळालेल्या गटाच्या तुलनेत परिणामकारक मात्रेत औषध मिळालेल्या गटात सुडेपचं प्रमाण सात पटींनी कमी होतं. गोळी वेळेवर घ्या, हे वाक्य आपण दिवसात पन्नास वेळा म्हणतो; त्याच्यामागे एवढं वजन आहे.

ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००४ च्या मार्गदर्शिकेपासूनच रुग्णांना सुडेपची माहिती द्यावी असं म्हटलं आहे. गमावलेल्या माणसांच्या कुटुंबांशी बोलून झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा येणारी तक्रार एकच आहे: आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

त्याच्याशी झालेलं बोलणं

तो परत आला तेव्हा दंडावर कापूस दाबून धरलेला होता. मी विचारलं, “तुमच्या आजारात एक धोका असतो, फारसा कुणाला माहीत नसलेला. तो कमीही करता येतो. मला तो तुम्हाला सांगायचा आहे. आज ऐकाल? आणि ताई इथे बसल्या तर चालेल?” दोन्हीला त्याने हो म्हटलं. नको म्हणणारेही भेटतात. त्यांना मी फिट आणि गोळ्यांबद्दल जे करायचं ते सगळं सांगते आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारते.

मग जे बोलले ते जवळजवळ याच शब्दांत. “फिट येणाऱ्या हजार मोठ्या माणसांत वर्षाला साधारण एक जण अचानक दगावतो. बहुतेकदा रात्री, मोठी फिट येऊन गेल्यावर. नऊशे नव्याण्णवांना तसं होत नाही. पण तुमचा धोका या सरासरीहून जास्त आहे. तुम्हाला वर्षात बऱ्याच मोठ्या फिट आल्या, त्या झोपेत येतात, आणि तुम्ही खोलीत एकटे असता. या तिन्ही गोष्टींवर आपल्याला काम करता येतं.”

एवढं बोलून मी थांबले. हे थांबणं कठीण असतं. शांतता भरून काढायला डॉक्टर लगेच दिलासा द्यायला लागतो आणि ऐकणाऱ्याला जे आत उतरवायचं असतं ते उतरत नाही. १५ पट, ६७ पट हे आकडे मी त्याला सांगितले नाहीत. खोटं काही बोलले नाही, पण मूळ आकडा लहान असताना पटींची भाषा माणसाला फक्त घाबरवते. ‘सरासरीहून जास्त, आणि या कारणांमुळे’ एवढं त्याला निर्णय घ्यायला पुरेसं होतं. त्याने विचारले असते तर सांगितले असते.

तो घाबरेल अशी बहिणीची भीती होती. तो चिडला. “तेरा वर्षं गोळ्या खातोय मी. हे कुणी का नाही सांगितलं?” मग खाली बघत म्हणाला, “कोपरखैरण्याची रूम मी का सोडली माहितीये का? फिट आली की चादर ओली व्हायची. पोरं काही बोलायची नाहीत, पण मला लाज वाटायची. म्हणून एकट्याची खोली घेतली. भाडं दुप्पट.”

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. त्याला वाचवण्यासाठी माहिती लपवली जात होती, आणि ती माहिती नसल्यामुळेच त्याने, जास्त पैसे मोजून, स्वतःसाठी सगळ्यात धोक्याची व्यवस्था निवडली होती. एका पारड्यात चादर ओली होण्याची लाज होती आणि दुसऱ्यात ठेवायला त्याला कुणी काही दिलंच नव्हतं. तो अविचारी नव्हता. जे माहीत होतं त्यावर त्याने हिशेब केला होता.

बहीण म्हणाली, “मीच म्हणलेलं मॅडमना, सांगू नका म्हणून.” तो तिच्याकडे बघत राहिला. “तुला माहीत होतं?” “माहीत नव्हतं रे. भ्या वाटत होतं.” यानंतरची दोन-तीन मिनिटं त्या दोघांची होती. मी केसपेपरवर लिहीत बसले.

मग त्याने प्रश्न विचारले आणि ते नेमके होते. गोळी चुकली त्या रात्रीच येते का? गोळी चुकली की फिटची शक्यता वाढते, आणि मोठी फिट आली की हा धोका येतो. एका चुकलेल्या गोळीने माणूस जात नाही, पण चुकण्याची सवय महाग पडते. झोपेत मला कळेल का? फिट मोठी असेल तर कळणार नाही, म्हणूनच जवळ माणूस हवा. मोबाईलवर दाखवतात ते फिट ओळखणारं घड्याळ घेऊ का? झटके ओळखून दुसऱ्याला कळवणारी उपकरणं आहेत, पण त्यांनी मृत्यू टळतात असं सिद्ध झालेलं नाही, आणि घड्याळ वाजल्यावर दोन-तीन मिनिटांत पोचणारं कुणी नसेल तर ते वाजून काय करणार? विटाव्याहून बहीण घणसोलीला पोचेपर्यंत फार उशीर झालेला असेल. पालथं झोपणं बंद करू का? सवय लावायला हरकत नाही, पण फिटमध्ये अंग कसंही वळतं. कुशीवर करणारा हात हवा.

ठरलं काय

गोळ्या सकाळी नऊ आणि रात्री नऊ. पाळी कुठलीही असो, झोपलेला असला तरी अलार्म लावून उठून गोळी घ्यायची आणि पुन्हा झोपायचं. रात्रपाळीत नऊची गोळी कारखान्यात, म्हणून चार दिवसांच्या गोळ्या डब्याच्या पिशवीत कायमच्या. विसरली तर आठवेल तेव्हा घ्यायची, पुढच्या वेळी दुप्पट करायची नाही. लेव्हेटिरॅसिटमची मात्रा वाढवली आणि सध्यापुरती रात्री क्लोबाझाम दिली. त्याच्याकडे ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, कार्ड होतं हे बोलता बोलता कळलं. गोळ्या तिथून घेता येतात हे त्याला ठाऊक नव्हतं, तो दरमहा दुकानातून विकत घेत होता आणि महिनाअखेरीला पट्टी ताणत होता. वेळेवर गोळी न घेण्यामागे आळस असतो असं समजणाऱ्यांनी पगाराची तारीखही विचारावी.

रात्रपाळीबद्दल तो अडून बसला. आजार कळला तर काढून टाकतील. मी सुचवलं की प्रमाणपत्रात आजाराचं नाव न घालता ‘वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी टाळावी’ एवढंच लिहू. द्यायचं की नाही आणि कधी, ते त्याचं त्याने ठरवावं. त्याने कागद घडी करून पाकिटात ठेवला. कामावर फोर्कलिफ्ट चालवायची नाही आणि उंचावर चढायचं नाही, हे मात्र मी ठामपणे सांगितलं. गाडीचंही तसंच. लायसन्सच्या अर्जात फिटबद्दल थेट विचारलेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ खोलीवर गेला. बहिणीने लगेच आपल्या घरी बोलावलं. त्याने नाही म्हटलं, आणि मला त्याचं म्हणणं पटलं. एका खोलीच्या घरात दाजी, दोन मुलं, सासू. तिथे सत्तावीस वर्षांचा मेहुणा किती दिवस राहणार? असा उपाय महिन्यात मोडतो आणि वर नातं बिघडवून जातो. आम्ही नावं काढत बसलो. कोपरखैरण्याच्या जुन्या दोघांपैकी एकाचं लग्न झालं होतं, दुसरा अजून तिथेच भाड्याने होता. “त्याला सांगायचं म्हणजे...” एवढं बोलून तो थांबला. मी म्हणाले, “त्याने तुमच्या फिट पाहिल्यात. त्याला नवीन एवढंच सांगायचं की त्या वेळी काय करायचं. चादरीखाली प्लॅस्टिक शीट घाला, त्याने लाज निम्मी होते.” यावर तो पहिल्यांदा हसला.

पुढच्या भेटीला तो मित्राला घेऊन आला. त्याला जे शिकवलं ते प्रत्येक रूम पार्टनरला यायला हवं. घड्याळ बघ. आजूबाजूचं टोकदार, कडक बाजूला कर. डोक्याखाली मऊ काहीतरी. कुशीवर वळव. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा, चप्पल, हातात किल्ली, यांनी फिट थांबत नाही आणि वेळ जातो. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी फिट आली, तर १०८. पाचव्या मिनिटाला नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे मी लिहून दिला आणि रिकामी बाटली हातात देऊन सराव करून घेतला. झटके थांबल्यावर काम संपत नाही, यावर मी भर दिला. कुशीवरच ठेव, तोंड उशीत जाऊ देऊ नकोस, छाती वरखाली होते का बघ, हाक मार, हलव, नाव सांगेपर्यंत शेजारून उठू नकोस. श्वास दिसलाच नाही तर छाती दाबायला लाग आणि ओरडून शेजाऱ्यांना उठव. त्या मुलाने सगळं ऐकून विचारलं, “मी रात्रपाळीला असलो तर?” दोघांच्या पाळ्या एकाच आठवड्यात न येता कशा लागतील याचं वेळापत्रक ते बाहेर बाकावर बसून करत होते. त्यातही काही रात्री एकट्याच्या उरतातच. घरमालकीणबाईंना त्या रात्री सांगून ठेवायचं आणि झोपताना दाराला आतून कडी लावायची नाही, असं त्यांनीच ठरवलं.

गावाला गेल्यावरचे दोन नियम वेगळे. गोळ्यांची एक पट्टी कायम आईच्या कपाटात. आणि शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्यात एकट्याने उतरायचं नाही. बुडून जाणं हा सुडेप नव्हे, पण फिट येणाऱ्यांचे जीव त्यानेही जातात. यात्रेच्या रात्रीचं जागरण आणि दारू, याबद्दल फार बोलावं लागलं नाही. त्याचं त्यालाच माहीत होतं.

केसपेपरवर मी तारखेसह लिहिलं: सुडेपबद्दल सांगितलं, रुग्णाच्या संमतीने बहीण हजर, प्रथमोपचार शिकवले, रुग्णाने काय विचारलं. पुढे दुसरा डॉक्टर पाहील तेव्हा त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागू नये.

पुढचे महिने

सांगण्याची किंमत असते आणि ती लपवणं योग्य नाही. पहिले दोन-तीन आठवडे तो नीट झोपला नाही. दिवा चालू ठेवायचा, मध्यरात्री बहिणीला फोन करायचा. झोप कमी झाली की फिट वाढतात, तेव्हा ही भीतीही औषधाइतकीच गांभीर्याने घ्यावी लागते. म्हणूनच असं काही सांगितल्यावर पुढची भेट तीन महिन्यांनी ठेवू नये. दोन आठवड्यांत आमच्या समुपदेशक बाईंनी त्याला फोन केला, मग तो एकदा येऊन बोलून गेला. मित्र राहायला आल्यावर फोन थांबले. ‘त्याला सांगू नका’ म्हणणाऱ्यांच्या शंकेला आधार आहे, हे मी मान्य करते. पण त्या आठवड्यांचा त्रास सोबत करून कमी करता आला. एकट्याने त्या खोलीत राहण्याचा धोका गप्प बसून कमी झाला नसता.

तिसऱ्या महिन्यात एक मोठी फिट आली. गावाहून परतताना गोळ्यांची पिशवी एसटीत राहिली होती आणि दोन वेळा चुकल्या होत्या. मित्राने मोबाईलवर वेळ लावली, दोन मिनिटांच्या आत झटके थांबले, त्याने कुशीवर वळवलं आणि पहाटेपर्यंत शेजारी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने मला सांगितलं, झटके थांबल्यावर याचं तोंड उशीत गेलं होतं, मी ते फिरवलं. त्या रात्री ते फिरवलं नसतं तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही, आणि मीही तसं काही त्या दोघांना म्हणाले नाही. नीट केलंस, एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत मोठी फिट नाही. या वेळी हा आकडा दोन माणसांनी मोजलेला आहे. प्रमाणपत्र त्याने शेवटी सुपरवायझरला दिलं. रात्रपाळी पूर्ण सुटली नाही, महिन्यातून एका आठवड्यावर आली. गोळ्या वेळेवर घेऊनही पुन्हा मोठ्या फिट सुरू झाल्या, तर व्हिडिओ ईईजी करून शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो, याची कल्पना त्याला दिली आहे.

लग्नाचा विषय आता तो स्वतः काढतो. घरच्यांचा कल आजार झाकण्याकडे आहे. अपस्मार हे कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली काढून टाकलं, त्यामुळे फिट येतात म्हणून लग्न करता येत नाही असं काही नाही, हे मी त्याच्या बहिणीलाही समजावून सांगितलं. लपवून केलेलं लग्न मात्र फसवणुकीच्या आरोपाने कोर्टात जाऊ शकतं. मुलीला आजाराबद्दल आधीच सांगायचं, इथवर तो आला आहे. झोपेतल्या धोक्याबद्दल तिला किती सांगायचं हे अजून ठरलेलं नाही. उद्या त्याच्या शेजारी रोज झोपणारी ती असेल, तेव्हा तिला ते कळायला हवं असं माझं मत मी दिलं, आणि ठरलं की दोघांनी मिळून एकदा ओपीडीत यावं. आईला अजून काही सांगितलेलं नाही. ते दिवाळीला गावी गेल्यावर तो स्वतः सांगणार आहे, बहीण सोबत असेल. प्रथमोपचाराचा कागद त्याने आताच मागून नेला.